इंजिनाचं औषध

त्या बाटलीचं बूच उघडलं की जो वास यायचा, तो आजही नाकात शिरला तर मला मळमळतं. गोडसर, थोडा डांबरगोळ्यांसारखा, थोडा खोकल्याच्या औषधासारखा. मी काही नाजूक नाकाची बाई नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते, दिवसभर वासातच असते. पण आमच्या वाडीच्या गिरणीत सगळे त्या बाटलीला ज्या भक्तिभावानं 'औषध' म्हणायचे, तो भाव त्या वासात मिसळला होता. खरी शिसारी मला बहुधा त्याचीच येत होती.

माझं माहेर पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. घरात दिवे लागतात, पण गिरणी चालेल एवढी मोठी लाइन अजून वर आलेली नाही. खांब येऊन पडलेत आणि त्यांच्यावर वेली चढल्यात. म्हणून भात भरडायला आणि दळायला एक जुनं डिझेल इंजिन आहे. हँडल मारून सुरू करायचं, बाजूच्या पाण्याच्या टाकीवर गार होणारं, पट्ट्यावर गिरणी फिरवणारं. आजूबाजूच्या चार वाड्या त्याच्यावर जेवतात, असं म्हटलं तरी चालेल.

ही गिरणी कुणा एकाची नाही, गावकीची आहे. गावकी म्हणजे वाडीतल्या कर्त्या पुरुषांची बैठक. आता कर्ते पुरुष सगळे मुंबईला. ते तिथं गावाच्या एका खोलीत पाळीपाळीनं राहतात, कुणी कॅन्टीनमध्ये, कुणी वॉचमन, कुणी ड्रायव्हर, आणि ठरल्या रविवारी मुंबई मंडळ म्हणून बैठकीला बसतात. देवळाला रंग कोणता द्यायचा इथपासून गिरणीचा पट्टा कधी बदलायचा इथपर्यंत सगळं तिकडं ठरतं. वाडीत राहतात बायका आणि म्हातारे. अक्कल मात्र मुंबईला राहायला गेली आहे, अशी आमच्या मंडळाची प्रामाणिक समजूत आहे.

गिरणीवर बसायची माझी वहिनी. दादा मुंबईत, एका ऑफिसच्या कॅन्टीनला. गिरणीवरचे म्हातारबुवा थकले तेव्हा हँडल मारायला वाडीत ताकदीचा माणूस उरला नव्हता. मंडळानं मुंबईतून कुणाला पाठवायचं यावर दोन बैठका घालवल्या. तेवढ्यात इकडं घरोघरचे तांदूळ संपत आले. एका सकाळी वहिनीनं पदर खोचला, डाव्या हातानं इंजिनाचा दाब मोकळा करणारी कळ उचलून धरली, उजव्या हातानं हँडल गरागरा फिरवलं आणि योग्य क्षणी कळ सोडली. इंजिन ठोके देऊ लागलं. दुसऱ्या वाडीतल्या बायका मुद्दाम तिला बघायला यायच्या. 'हँडल मारणारी' म्हणूनच ती ओळखली जायची आणि तिला ते आवडायचं. घरात ती माझी साधी, अबोल भावजय होती. गिरणीत तिचा आवाज इंजिनाच्या वर जायचा. "ए, रांगेत उभी ऱ्हा गो, तुझं भात काय सोन्याचं हाय?" असं ती सरपंचाच्या बायकोलाही सुनवायची.

इंजिन पुढं थकलं. भरडताना ओढ पडली की त्याचा दम जायचा आणि ते काळाकुट्ट धूर ओकायचं. धुराची नळी छपरातून बाहेर काढलेली, पण तिचा एक सांधा आतच, वहिनीच्या डोक्याच्या थोडा वर, फुटला होता. वहिनी त्याला ओलं गोणपाट गुंडाळायची. दुपारपर्यंत गोणपाट वाळून काळं व्हायचं, मग नवीन. संध्याकाळी नाक शिंकरलं की काजळी. पोलादपूरचा फिटर येऊन बघून गेला. त्यानं सरळ सांगितलं: डिझेल मारणारा नोझल गळतो, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन उघडावं लागेल, आणि त्याच फेरीत नळीला वेल्डिंग करून घ्या.

आता इथं आमच्या वाडीचं खास शहाणपण आलं. हे इंजिन बसवताना ग्रामदेवाला कौल लावला होता. देवाच्या पाषाणाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवानं होकार दिला आणि इंजिन बसलं. त्यामुळं कौलाशिवाय ते उघडायचं नाही, असं ठरलेलं. आणि कौल कधी लावायचा, देवाला नेमकं काय विचारायचं, हे मंडळ ठरवणार. मंडळ म्हणालं, सुगी तोंडावर आहे, इंजिन उघडून ठेवलं आणि लवकर जोडलं गेलं नाही तर? म्हणून कौलच नको.

त्याऐवजी गणपतीला मंडळाचे सेक्रेटरी बाटली घेऊन आले.

सेक्रेटरी नात्यानं आमचा चुलतभाऊच. मुंबईत कुठल्याशा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, त्यामुळं डिझेलमधलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा दावा. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि त्यानं पिशवीतून लाल रंगाची बाटली काढून गिरणीच्या फळीवर ठेवली, जणू देवाचीच मूर्ती बसवतो आहे. वर पंख फुटलेल्या वाघाचं चित्र. "आमच्या तिकडं सगळे ट्रकवाले हाच टाकतात. टाकीत एक झाकण सोडायचा, बस्स. पावर वाढतो, धूर एकदम क्लीन, डिझेल पन कमी खातो. इंजिन उघडायची गरजच नाय. टेन्शन संपला."

मी बाटली उलटसुलट करून पाहिली. आत काय आहे ते कुठंही लिहिलेलं नव्हतं. माझ्या कामाच्या ठिकाणी असली बाटली दारातूनसुद्धा आत येऊ देत नाहीत. मी त्याला विचारलं, "ह्याच्यात काय आहे?" तो हसून म्हणाला, "पावर."

खोटं कशाला बोलू, फरक पडला. पहिल्याच दिवशी इंजिन अर्ध्या हँडलात पेटलं. डिझेल लवकर पेट घेईल अशी द्रव्यं असतात. काजळी कमी करणारी असतात, नोझलवरचा थर धुणारीही असतात. समजणारी माणसं ती मापून, कोणत्या इंजिनात काय चालतं ते पाहून वापरतात. पण मरायला टेकलेल्या इंजिनात, आत काय आहे ते ठाऊक नसलेली बाटली ओतायची आणि वर नारळ फोडायचा, याला काय म्हणायचं? काळा धूर पार उतरला. छपरावरची नळी आता नुसती हवा हलल्यासारखी दिसायची. बायका म्हणाल्या, चांगलं झालं. सेक्रेटरीनं नळीचा व्हिडिओ काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि त्याच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

धूर दिसेना, तसा वेल्डिंगचा विषयही संपला. सांध्याला गोणपाट गुंडाळणंही थांबलं. एवढ्यावर भागलं नाही. गिरणीला एकच खिडकी. तिच्यातून वारा यायचा आणि कोंडा उडून वाया जायचा, अशी तक्रार जुनीच होती. "आता धूर हायच कुठं?" म्हणत वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्या खिडकीवर पत्रा ठोकला. मी रविवारी गेले तेव्हा वहिनी त्या बंद खोलीत, फुटक्या सांध्याखाली, गोड वासात बसलेली. माझे डोळे उंबऱ्यातच चुरचुरले. मी म्हटलं, "हे कुणी केलं?" त्यातला एक म्हातारा अभिमानानं म्हणाला, "आमीच." मला त्याचा पत्रा त्याच्याच डोक्यावर ठोकावासा वाटला.

मी वहिनीला सांगितलं, काजळी दिसत नाही म्हणजे धूर नाही असं नसतं. इंजिन तेवढंच डिझेल जाळतंय. जे डोळ्यांना दिसत नाही तेच खोल आत जातं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष हलक्या झालेल्या हँडलाकडं होतं. "वन्सं, तुमचं खरं असंल. पन आधी हँडल मारून माझा खांदा निखळायचा. आता पोरीसारखं फिरतं बघा." तिला खोकला होताच. खोकल्यानं दम कमी झालेला, आणि बाटलीनं हँडल हलकं केलेलं. म्हणून ती बाटलीला धरून होती, आणि बाटली तिला त्या खोलीत धरून होती.

माप हळूहळू बिघडलं. एका झाकणाची दोन झाकणं झाली. कुणी पाहुणा आला की "टाक गो थोडा, पाहुन्याचं काम हाय" म्हणून आणखी एक. औषध जास्त घेतलं तर जास्त गुण येतो, ही आमच्याकडची जुनी श्रद्धा. ती आता इंजिनालाही लागू झाली.

सुगी झाली, थंडी पडली आणि वहिनीचा खोकला छातीत उतरला. वाडीकडची घाटी चढताना ती मध्येच थांबायची, चप्पल नीट करायचं सोंग करायची. मी तिला हट्टानं महाडला डॉक्टरांकडं आणलं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं. वहिनी फुंकत होती आणि पडद्यावरची रेघ काही वर जाईना. "चुलीवर जेवण करता?" डॉक्टरांनी विचारलं. गॅस येऊन कैक वर्षं झाली. "विडी, मिश्री?" तीही नाही. मग मी गिरणीचं सांगितलं. ते गंभीर झाले. छातीच्या नळ्या आकसल्यात, तोंडानं ओढायचा औषधाचा पंप सुरू करू, पण धुरापासून लांब राहा, गेलेला दम सगळा परत मिळत नाही, उरलेला मात्र राखता येईल, असं म्हणाले. त्या क्षणापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. वहिनीचा उरलेला दम राखायचा होता. त्यासाठी एक तर तिनं गिरणी सोडायला हवी होती, नाही तर ते इंजिन उघडून, नळी जोडून, खिडकी मोकळी व्हायला हवी होती.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मंडळाचा निर्णय हाय. मी एकटा काय बोलू?" मी म्हटलं, "बायको कुणाची आहे, मंडळाची?" त्यानं फोन ठेवला. सख्ख्या भावाची किळस यावी यासारखं वाईट काही नाही, पण त्या दिवशी मला ती आली.

मग मी माझ्या परीनं पुरावा जमवला. एका रविवारी इंजिन चालू असताना पांढरा रुमाल त्या सांध्यापाशी धरला. तो पिवळट करडा झाला आणि हाताला तेलकट लागला. तो मी गिरणीत बसलेल्या दोघातिघांना दाखवला. मुंबईची नोकरी संपवून आलेला एक म्हातारा म्हणाला, "एवढं तर मुंबईत कॉलरवर रोज असतं." बाकीचे हसले. मग मी बाटलीतलं थोडं औषध महाडला नेलं, लपवून प्रयोगशाळेत आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत दोन चिनी मातीच्या वाट्या घेतल्या. एकीत नुसतं डिझेल जाळलं, दुसरीत औषध घातलेलं. पहिली वाटी जवळजवळ साफ झाली. दुसरीच्या तळाला तांबूस राख उरली, गंजलेला तवा पुसल्यावर हाताला लागते तसल्या रंगाची. लोखंड होतं ते. काजळी जाळायला असलं काही घालतात हे मला माहीत होतं. पण जाळून झाल्यावर ते लोखंड कुठं जातं? नळीतून छपरावर, आणि फुटक्या सांध्यातून माझ्या वहिनीच्या छातीत. मी ती राख कागदात पुडी बांधून ठेवली.

शिमग्याला मंडळ गावी आलं. देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. बायका पायऱ्यांवर. मी तर लग्न करून दिलेली लेक. माहेरच्या पालखीला ओटी भरायचा मान मला आहे, गावकीत तोंड उघडायचा नाही. तरी मी उठले. पुडी उघडून मध्ये ठेवली. महाडच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. म्हटलं, "देवाला कौल लावा. इंजिन उघडायचं की नाही, एवढंच विचारा."

दोघातिघांनी पुढं वाकून पुडीत पाहिलं. मला वाटलं, लागलं बहुतेक वर्मी. मग सेक्रेटरीनं घसा साफ केला. "ताईनं चांगला पॉइंट काढला," तो म्हणाला. "लाल बाटलीत राख हाय, हे आपल्याला बी मान्य. म्हनूनच मी ही आनली." आणि त्यानं पिशवीतून निळी बाटली काढली. हिच्यावर पाण्याचा थेंब आणि हिरवं पान होतं. "इंपोर्टेड. यात राख-बिख नाय. उलट आतली सगळी घान धुऊन काढतो. आता आपन देवालाच विचारू, लाल चालू ठेवायची का निळी घ्यायची."

मला वाटलं, कुणी तरी हसेल. कुणीच हसलं नाही. माना हलल्या. मी म्हटलं, "अहो, बाटली कुठली ते नाही, इंजिन उघडायचं का ते विचारा!" एक काका मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाय, देवाला असं आडवं विचारायचं नसतं. दोन गोष्टी पुढं ठेवायच्या, त्यातली तो एक देतो."

गुरवाला मी दोष देत नाही. गावकी जे सांगेल ते गाऱ्हाणं तो घालतो. त्यानं पाषाणाला दोन पाकळ्या लावल्या, उजवीकडं लालची, डावीकडं निळीची, आणि लांब सुरात देवाला साकडं घातलं. सगळा सभामंडप श्वास रोखून बसला होता. पायऱ्यांवरून वहिनीचा खोकला तेवढा येत होता. तो मध्ये मध्ये येतोय म्हणून एकानं मागं वळून कपाळाला आठी घातली. माझ्या आयुष्यात मला माणसांची इतकी घाण कधी वाटली नव्हती. डावी पाकळी पडली. ढोल वाजला. त्या देवाबद्दल माझ्या मनात आजही तक्रार नाही. तोही तिथं माझ्यासारखाच बसला होता, त्याला विचारायचं ते कुणी विचारलंच नाही.

परतताना मी वहिनीला म्हटलं, "उद्यापासून गिरणीवर जायचं नाही. बास झालं. माझ्याकडं महाडला चल." ती चालता चालता थांबली. या खेपेला चप्पल नीट करायचं सोंगही केलं नाही, नुसती दम खात उभी राहिली. मग म्हणाली, "आनि तिथं काय करू? तुमच्या घरात कपबशा विसळू? वन्सं, या वाडीत लगीन होऊन आले तवापासून मला कुनी हाक मारली नाय. अमक्याची बायको, तमक्याची सून. गिरनीवर बसले तवा कुठं लोकं वाट बघायला लागली माजी. ती सोडली तर मी हाय कोन?"  हिच्या श्वासासाठी मी भांडत होते आणि ती तोच श्वास गिरणीत ठेवून यायला तयार होती. मला तिचाही राग आला, आणि राग आला याचंही वाईट वाटलं.

निळी बाटली सुरू झाली. ती लालपेक्षा गोड वासाची होती. धूर आधीइतकाच न दिसणारा. पण तिच्याबद्दल सेक्रेटरी एका बाबतीत खरं बोलला होता: ती घाण धूत होती. टाकीत, नळ्यांत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ तिनं सोडवला आणि तो पुढं वाहत गेला. मे महिन्यात देवळाचा वर्धापनदिन असतो. सत्यनारायण, भजन, महाप्रसाद, मुंबईहून सगळी मंडळी येतात. त्या महाप्रसादाचं भात गिरणीत येऊन पडलं, पोती दारापर्यंत लागली, वहिनीनं इंजिन सुरू केलं आणि भरडता भरडता ते दोनदा उचक्या देऊन बंद पडलं. गाळानं फिल्टर चोंदला होता, नोझल कायमचा बसला होता. रिंगा तर केव्हाच्याच गेलेल्या. आता बाटलीभर औषध ओतलं तरी ते हूं की चूं करेना.

त्यानंतर जे झालं ते पाहून मला ओकारी यायची बाकी राहिली. इंजिन उघडायला आता कुणाचीच हरकत नव्हती. कौल? कौल मोबाईलवर झाला. सेक्रेटरी मुंबईत, गुरव देवळात, एका म्हाताऱ्यानं फोन पाषाणासमोर धरलेला. सरळ प्रश्न विचारला: इंजिन उघडायचं का? उजवी पाकळी लगेच पडली. देव बिचारा कधीचा वाट बघत असावा. दुसऱ्या दिवशी पोलादपूरचा फिटर जीपनं वर आला. सुटे भाग मुंबईहून रातोरात गाडीत घालून पाठवले गेले. फिटरला उजेड पुरेना, म्हणून खिडकीवरचा पत्रा काढला. वहिनीला हवा मिळावी म्हणून नव्हे, फिटरला नट दिसावा म्हणून. पिस्टन बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर माझ्या वाटीतल्यासारखाच तांबूस थर जमलेला. मी तो बघत उभी राहिले. वेल्डरही आला आणि त्यानं फुटका सांधा जोडून दिला. वर्षभर जे कुणाला जमलं नव्हतं ते आठवड्याच्या आत झालं. बाई खोकत होती तोवर घाई नव्हती. महाप्रसाद अडला तशी सगळ्यांना पाय फुटले.

त्याच आठवड्यात मी वहिनीला पुन्हा डॉक्टरांकडं नेलं होतं. त्यांनी परत नळीत फुंकायला लावलं. पडद्यावरची रेघ आधीपेक्षा खाली होती. परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इंजिनाच्या रिंगा बदलल्या ना?" मी हो म्हटलं.  तिनं रेघेचं हे कुणालाच सांगायचं नाही अशी मला शपथ घातली, दादालासुद्धा नाही. सांगितलं तर गिरणीवर दुसरी कोणी बसेल, ही तिची भीती.

जोडलेलं इंजिन सुरू करायचा दिवस आला. मुंबईहून मंडळ हजर. पट्ट्याला हळद-कुंकू, टाकीला हार. सेक्रेटरीनं छोटंसं भाषण केलं. मंडळाच्या प्रयत्नांनी इंजिन नवं झालं, असं म्हणाला. मग आवाज चढवून म्हणाला, "पयल्या हँडलाचा मान वयनीचा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला आजवर गावकीनं दिलेला हा पहिला मान. दादाही हसत होता. वहिनी नवी साडी नेसून आली होती. ती पुढं झाली, पदर खोचला. मी तिच्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. तिनं मला पाहिलं आणि नजर वळवली.

डाव्या हातानं तिनं कळ उचलली, उजव्या हातानं हँडल फिरवायला लागली. एक फेरा झाला, दुसरा निम्म्यावर आला. चाकाला वेगच येईना. तिच्या गळ्याच्या शिरा वर आल्या, ओठ उघडे राहिले, श्वासातून बारीक शिट्टी येऊ लागली. तरी तिनं कळ सोडली. इंजिन एकदा खोकल्यासारखं करून गप्प बसलं. तिनं परत हँडल धरलं. या वेळी अर्धाही फेरा झाला नाही. हँडल हातातून सुटलं आणि ती मागच्या पोत्यावर मटकन बसली. मी धावत जाऊन तिच्या तोंडाला पंप लावला. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, इतकी घट्ट की पुढं कित्येक दिवस तिथं वण होते.

नव्या रिंगा, नवा नोझल, साफ टाकी. इंजिनात काहीही बिघाड नव्हता, हे मला आणि फिटरला ठाऊक होतं. फिटर केव्हाच पोलादपूरला परतला होता. मंडळाची माणसं मात्र इंजिनाभोवती वाकली होती. कुणी टाकीत डोकावत होतं, कुणी नळी हलवून बघत होतं. "सुरू का होईना?" एकानं विचारलं.

"थांबा, मी सांगतो," सेक्रेटरी म्हणाला आणि त्यानं फळीवरची निळी बाटली काढून एकाच्या हातात दिली. "याला सवय लागलीय औषधाची. जरा जास्तच टाक रे." बूच उघडलं. तो गोड वास सगळ्या खोलीत पसरला. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी ओरडत होते, पण त्या गलक्यात कुणाला काही ऐकू गेलं नाही. पोत्यावर बसलेल्या बाईकडं पाठ करून, माझा भाऊ धरून सगळे पुरुष टाकीत औषध पडताना बघत होते.